काखेतली नळी

कानिशाय आमच्या इस्पितळाच्या लॅबमध्ये होती. थोरल्या बहिणीला आमच्याकडे एजे म्हणतात. हिला अख्खं गाव एजे म्हणायचं, एक तिचा थोरला भाऊ सोडून. आईबाप लवकर गेले, त्यानंच तिला वाढवलं. तोंडानं फटकळ बाई. मी इस्पितळाची गाडी चालवायचो, रोज शिव्या खायचो.

तो भाऊ वारला तेव्हा ऐन हिवाळा. मयत रीतीप्रमाणे अंगणात उभारलेल्या तंबूत ठेवलेलं, बायका आत रडत बसलेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी एजे तिथून उठून कामावर आली, कारण लॅबला दुसरं माणूसच नव्हतं आणि बेगायम नावाची पोर वॉर्डात तापानं फणफणलेली. आतड्याचं ऑपरेशन झालेलं, आता रक्तात यीस्ट, म्हणजे एक बुरशी, सापडलेलं.

डॉक्टर मेलिस म्हणाले, “एजे, नेहमीचं यीस्ट असेल तर कपाटातलं औषध चालेल. दुसरं असेल तर त्याचं औषध इथं नाही, हिला आजच बिश्केकला न्यावं लागेल. संध्याकाळी घाट बंद होतोय. आणि खरं सांगू, घाटात ही टिकेल असं वाटत नाही. उगाच नाही हलवायची.”

एजेनं रक्तातल्या पिवळ्या पाण्यात यीस्ट कालवून नळी उबेच्या पेटीत ठेवली आणि वीज गेली! पेटी गार पडायला लागली. तिनं सरळ नळी काढली आणि उजव्या काखेत दाबली.

“अंडं उबवताय का?” मी म्हटलं.

“गप रे मेल्या. गारठ्यात हे नुसतं गोल दाणे होऊन पडून राहतं, जेमतेम जगतं. अंगाची ऊब आणि रक्तातलं खाणं मिळालं की याच्या आतला सगळा कारभार बदलतो. खाल्लेलं सगळं लांब वाढण्यात घालतं, दाण्याला कोंब फुटतो. त्या कोंबांनीच अंगात घुसतं. नेहमीच्या जातीला दोन-तीन तासांत कोंब येतो, दुसरीला येत नाही.”

तेवढ्यात निरोप आला, मयत उचलतायत. आमच्या बायका कब्रस्तानात जात नाहीत. निरोप द्यायचा तो तंबूतच.

“नळी नर्सकडे द्या,” मी म्हटलं.

“एकटी पोरगी सलाईनी लावतेय, तिला दोन्ही हात हवेत.”

“मग मला द्या.”

“आणि गियर कोण टाकणार, तुझा बाप?”

नदीपल्याड भावाच्या घरी गेलो. मी बाहेर पुरुषांत उभा. एजे रडत आत शिरली. रीत अशी की प्रत्येकीला दोन्ही हातांनी कवटाळून रडायचं. आतून वहिनीचा आवाज आला, “बापासारखा भाऊ गेला आणि एका हातानं भेटतेस? एवढे जड झालो तुला?” एजे मयताच्या उशाशी बुरशीची गोष्ट काढणार कशी? बाहेर आली ती पांढरीफटक. “चल,” एवढंच म्हणाली. वाटभर उजवा हात अंगाला चिकटलेला.

खिडकीच्या उजेडात तिनं मायक्रोस्कोपला डोळा लावला. “फुटलेत कोंब,” ती म्हणाली. “मेलिसना सांग, कपाटातलंच चालेल.” मग टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडली.

पोरीचा ताप आठवड्याभरात उतरला. पण वहिनीनं बोलणं टाकलं ते टाकलंच. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाला मी एजेला घेऊन गेलो. एजेनं दोन्ही हातांनी मिठी मारली, वहिनीचे हात खाली ते खालीच. माझं डोकंच फिरलं. भर पंगतीत ओरडलो, “अहो, त्या हाताखाली एका पोरीचा जीव होता! विचारा त्या बेगायमच्या आईला!” आणि सगळं सांगून टाकलं.

वहिनीनं एजेकडे नुसतं पाहिलं. मग आपला हात तिच्या उजव्या काखेत सरकवला.

“इथं होती?”

“हो वहिनी, इथंच.”

वहिनीनं तो हात काढलाच नाही. दुसरा तिच्या गळ्यात टाकला, आणि दोघी आता रडायला लागल्या, मयत समोर असल्यासारख्या.