काकांचा सराव

मी कॉम्प्युटर सायन्सला होते, म्हणून इंदिरानगरमधल्या आमच्या बिल्डिंगमध्ये मला इंटरनेटची डॉक्टर समजत. लोक जिन्यात गाठायचे. "मेल अमेरिकेला जाताना मधे कुणी फोडत असेल का गं?" "स्क्रीनवर खाली ते पिवळं कुलूप दिसतं, त्याची किल्ली कुणाकडे?" मी मान खाली घालून सांगायचे की दोन किल्ल्या असतात, एक सगळ्यांना वाटायची, एक स्वतःजवळ ठेवायची. किल्ल्या वाटत सुटणाऱ्या मुलीचं सासरी कसं व्हायचं, अशा नजरेने बायका बघायच्या.

समोरच्या फ्लॅटमधले निवृत्त काका सगळ्यांत चिवट. पासवर्ड विसरला तर काय करायचं, ते मी त्यांना सायबर कॅफेत बसवून शिकवलं: आपणच निवडलेल्या गुप्त प्रश्नाचं उत्तर द्यायचं आणि नवा पासवर्ड घ्यायचा. काकांनी वहीत उतरवून घेतलं.

त्याच आठवड्यात मी पुण्याच्या एका कंपनीच्या मेलची वाट बघत होते. घरी बोलले नव्हते. मुलीने नाशिकबाहेर नोकरी करणं पप्पांना मान्य नव्हतं, त्यामुळे निवड झाल्यावरच सांगायचं ठरवलं होतं.

रविवारी काका पेढे घेऊन आले. "वहिनी, तोंड गोड करा. पोरीला पुण्याहून मुलाखतीला बोलावलंय. गुरुवारी, दुपारी तीन वाजता."

पप्पांनी पेपर खाली ठेवला.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"सराव करत होतो. स्वतःच्या खात्याला कशाला धोका, म्हणून तुझं घेतलं. आईचं माहेर विचारलं, सायखेडा लिहिलं, उघडलं." त्यांना माझं कौतुक होतंच, पण स्वतःचं जास्त. "नवा पासवर्ड वहीत आहे, काळजी करू नकोस."

त्या कुलपाच्या किल्ल्या ज्यांच्यापासून बनतात, त्या शंभर आकडी मूळ संख्यांवर मी कॉलेजात सेमिनार दिला होता. आणि स्वतःचं गुपित ठेवलं होतं ते अशा प्रश्नामागे, ज्याचं उत्तर मामाने पाठवलेल्या कांद्याच्या गोण्यांवर रंगवलेलं असायचं. गोण्या आठवडाभर जिन्यातच पडून असायच्या.

पप्पांनी एक पेढा उचलला. मग आईला म्हणाले, "पेढे वाटून झाल्यावर नाही कसं म्हणायचं?" आणि माझ्याकडे न बघता, "एकटी जायचं नाही. काकांना सोबत ने. पत्ता त्यांनी वाचलाय."

गुरुवारी काका एसटीत खिडकीशी बसले. सिन्नर यायच्या आत अर्ध्या गाडीला माझ्या मुलाखतीची वेळ ठाऊक झाली होती.