कप फी भरत नाही

शरद गेल्यापासून त्याची जुनी मुलं भेटायला येतात. मुलं म्हणजे आता चाळिशी ओलांडलेली माणसं. पण सोफ्यावर बसली की एवढाले पाय कुठे ठेवायचे, हा प्रश्न त्यांना अजून पडतो. मग एखादा म्हणतो, "मॅडम, ते आठवतं का?" आणि पुढचे दोन तास मला चहा टाकायलाही उठता येत नाही. किस्स्यांचं असंच असतं, एक ओढला की त्याला चिकटून चार बाहेर येतात. त्यातले थोडे लिहून ठेवते आहे.

नव्वदच्या दशकाची अखेरची वर्षं. शरद अजमानमधल्या एका लहानशा खासगी कॉलेजात बास्केटबॉलचा कोच होता आणि मी तिथेच ॲडमिशनच्या काउंटरवर.

*

फायनल होती तो मार्चमधला गुरुवार अगदी नेहमीसारखा होता. मी पासपोर्टच्या झेरॉक्स काढत होते. शेजारच्या टेबलावरची रोझम्मा अडकलेल्या मशीनला मल्याळममधून समजावत होती. फोन वाजला. शारजाहून शरद.

"जिंकलो. भात जास्त लाव. अकरा जण येतायत."

आमच्या कॉलेजने त्याआधी काही जिंकल्याचं कोणालाच आठवत नव्हतं. मी घरी येऊन मुलीला बातमी दिली. ती सातवीत होती. कपाट उघडून म्हणाली, "आई, वी हॅव ओन्ली सिक्स प्लेट्स."

पाच जण पातेल्यांच्या झाकणांत जेवले. तक्रार कोणाचीच नव्हती, फक्त आमचा सेंटर खेळणारा सुदानी मुलगा उभ्यानेच जेवला. खाली बसलो तर उठवणार नाही, म्हणाला.

*

शनिवारी आमचे इजिप्शियन डीन, डॉक्टर हानी, यांनी कप हातात घेऊन सगळ्या बाजूंनी पाहिला.

"सुंदर आहे, हबीबी. पण कप फी भरत नाही."

मॅनेजमेंटला टीम बंदच करायची होती. डीन मनाने वाईट नव्हते, त्यांनी सप्टेंबरअखेरची मुदत मिळवून दिली. तोवर बास्केटबॉलमुळे पंधरा ॲडमिशन आल्या तर टीम राहील, नाहीतर खलास. टीम गेली की शरदची नोकरी जाणार, नोकरी गेली की व्हिसा, आणि मग महिन्याभरात आम्ही तिघं बॅगा घेऊन पुण्याला. घरी येऊन शरद एवढंच म्हणाला, "पंधरा म्हणजे काही फार नाहीत."

ॲडमिशन फॉर्मवर एक प्रश्न असायचा: कॉलेजची माहिती कुठून मिळाली? पेपर, नातेवाईक, एज्युकेशन फेअर. त्याखाली आता आणखी एक चौकोन छापला गेला, बास्केटबॉल. विद्यार्थ्याने स्वतः टिक करायची. आणि ते फॉर्म वेगळे काढायचं काम माझं!

*

पेपरात टीमचा फोटो आला होता, त्यामुळे उंच मुलं येऊ लागली. नुसतीच उंच.

मुसफ्फाहून सावंत नावाचे गृहस्थ मुलाला घेऊन आले. मुलगा सहा फूट दोन इंच. "उंची आम्ही दिलीय," सावंत म्हणाले, "बाकीचं सर, तुम्ही बघा."

शरदने त्याला कोर्टवर नेऊन हलकेच बॉल टाकला. मुलगा अदबीने बाजूला झाला आणि बॉल कुंपणापर्यंत गेला. शरदने पुन्हा टाकला. तो पुन्हा बाजूला झाला.

सावंतांना मुळीच वाईट वाटलं नाही. "संस्कार आहेत सर. दुसऱ्याची वस्तू घेत नाही तो."

त्याने टिक केली. मी फॉर्म वेगळा ठेवला. एक झाला.

*

एका मुलाची आई काउंटरवर आली ती प्रश्न घेऊनच. मुलाला बोलू देण्याचा तिचा विचार नव्हता.

"टीम जिंकली की मार्क वाढतात का?"

"नाही," शरद म्हणाला.

"हरली की कमी होतात?"

"नाही."

तिने मुलाकडे पाहिलं. "मग खेळ."

*

खरा खेळाडू मिळाला तो फुजैराला. त्याचे वडील बंदरावर कामाला. शरद डोंगरातून दोन तास गाडी चालवून त्यांच्या घरी गेला. मुलाची उंची जेमतेम, पण हातात बॉल आला की बघत राहावं असा.

वडिलांनी विचारलं, "दुबईचं एक कॉलेज हॉस्टेल देतंय, वर्षाला दोन जोड बूट देतंय. तुम्ही काय देता?"

शरदकडे द्यायला काहीच नव्हतं. "भात," तो म्हणाला.

ऑगस्टमध्ये तो मुलगा ट्रंक घेऊन आमच्या दारात उभा.

*

मुदतीचा शेवटचा दिवस. दुपारी मी फॉर्म मोजले. चौदा. पुन्हा मोजले. चौदाच.

रोझम्माने आजूबाजूला पाहिलं आणि स्वतःचं निळं पेन माझ्यापुढे सरकवलं. "मॅडम, एकच टिक. कोण बघतंय?"

"नाही," मी म्हटलं. नोकरी दुसऱ्या कोणाची असती तर कदाचित विचार केला असता.

चार वाजता सगळा गठ्ठा डीनच्या टेबलावर गेला. खाली संध्याकाळच्या कोर्सचे फॉर्म होते. ते मी चाळलेही नव्हते, त्यांत बास्केटबॉल कुठून येणार? शरद आणि मी समोर उभे. डीन एकेक पान उलटत मोठ्याने मोजत होते. बारा, तेरा, चौदा. मग बराच वेळ नुसतीच पानं. शेवटून तिसऱ्या फॉर्मवर त्यांचा हात थांबला.

"पंधरा."

त्यांनी तो फॉर्म उचलून डोळ्यांजवळ नेला. मिसेस डिकॉस्टा, सेक्रेटेरियल कोर्स, वय त्रेचाळीस. फोटोत जाड भिंगांचा चष्मा. आणि बास्केटबॉलच्या चौकोनात निळ्या पेनची ठळक टिक.

"ही खेळते?" डीननी विचारलं.

मी जमिनीकडे पाहिलं.

"इन्शाल्ला," शरद म्हणाला.

डीननी पेनचं टोपण काढलं आणि सही केली.

घरी जाताना गाडीत शरद मार्चनंतर पहिल्यांदाच शीळ घालत होता. सिग्नलला थांबल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाला, "थँक यू."

"कशाबद्दल?"

तो हसला. "बरं बाई, कशाबद्दलच नाही."

सिग्नल हिरवा झाला होता, मागचे हॉर्न वाजवत होते.

त्यानंतर आम्ही नऊ वर्षं अजमानला होतो. ती टिक मी केली नव्हती, हे शरदला सांगायचं राहून गेलं.