त्या दिवशी वायपर लावलेले होते

सुरतेत स्टेशनच्या बाजूला मोटारीच्या सुट्या भागांचं एक दुकान होतं. त्याच्या काउंटरवर मी सोळा वर्षं उभा राहिलो. धुळ्याकडून आलो तेव्हा मला गुजराती येत नव्हती आणि मोटारीचं काहीच कळत नव्हतं. दोन्ही तिथेच शिकलो. चांगला शिकलो, असं मालक म्हणायचे, आणि ते ऐकायला मला फार आवडायचं.

वायपरचं ब्लेड घेताना गिऱ्हाइकाला वाटतं, लांबी जुळली की झालं. तसं नसतं. ब्लेड दांडीच्या टोकाला कसं अडकतं ते बघावं लागतं आणि त्याच्याही आधी काच बघावी लागते. जीपची काच सपाट असते, म्हणून तिच्या ब्लेडची पाठ ताठ असते. बाकदार काचेच्या ब्लेडला पाठीवर सांधे असतात, त्यामुळे रबर काचेबरोबर वळतं. ताठ पाठीचं ब्लेड बाकदार काचेवर लावलं तर ते मध्ये टेकतं आणि टोकांना उचललेलं राहतं. तेवढा काचेचा पट्टा ओलाच राहतो. हे मला कोणी झोपेतून उठवून विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. आधीच लिहून ठेवतो, म्हणजे बिचाऱ्याला माहीत नव्हतं असं कोणी म्हणणार नाही.

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान ड्रायव्हर होते. आम्ही त्यांना दाजी म्हणायचो. त्यांना सुरतेला मीच बोलावून घेतलं आणि पांडेसऱ्याच्या एका रंगाईच्या कारखानदाराकडे मीच चिकटवलं. त्या शेठजींची गाडी दाजींनी सहा वर्षं चालवली. गाडीला कुठे ओरखडा म्हणून नव्हता. मोठ्याने हसणारा, चारचौघांत माझी फिरकी घेणारा माणूस. मी त्यांचा मेहुणा, तेव्हा तो त्यांचा हक्कच होता.

त्या काळी गाडीवरचे वायपर सर्रास चोरीला जायचे. म्हणून सगळ्याच ड्रायव्हरांना एक सवय होती. गाडी उभी केली की दोन्ही ब्लेड दांडीवरून ओढून काढायचे आणि खिशात घालायचे. निघताना परत लावायचे. दाजींच्या विजारीचा उजवा खिसा त्यापायी कायम फाटलेला असायचा आणि बहीण तो शिवून शिवून कंटाळायची.

सत्तरच्या दशकातला, भर श्रावणातला तो दिवस. सकाळी दाजी दुकानात आले. जुनी ब्लेडं चिरली होती.

"काय शालकबुवा, काउंटरवर उभ्याउभ्याच विकणार, की गाडीपर्यंत येणार?"

काउंटरवर चार गिऱ्हाइकं होती. सगळे हसले. मी त्यांचं जुनं ब्लेड हातात घेतलं आणि माझ्या वितीने मोजलं. पट्टी न लावता वितीने मोजायचं, ही माझी ऐट होती. फळीवरून त्याच लांबीची जोडी काढून पुढे ठेवली.

दाजी म्हणाले, "एकदा बाहेर येऊन काच तर बघ."

"दाजी, लांबी मोजली ना? जा, लावा."

बाहेर पाऊस होता. मी गेलो नाही. ते गेल्यावर खोका परत फळीवर ठेवताना माझ्या लक्षात आलं की ती जोडी जीपची होती, आणि शेठजींच्या गाडीची काच बाकदार. दुपारी निरोप पाठवू, असं मनाशी म्हटलं आणि तसंच राहू दिलं.

दुपारी ते स्वतःच आले. गाडी दुकानाच्या दारालाच लावली होती, इंजिन चालू, वायपर चालू. आत न येता पायरीवरूनच ओरडले, "अरे, टोक उचलतंय बघ! उजवीकडचं काही दिसत नाही मला. हे दुसऱ्या कशाचं तरी दिलंस तू."

मी काउंटरवरून बघितलं. ड्रायव्हरच्या उजव्या हाताला काचेवर बोटभर रुंदीचा पाण्याचा पट्टा राहत होता. मला स्पष्ट दिसला. मालक माझ्या शेजारी उभे होते. मालकांनी आदल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकासमोर माझं कौतुक केलं होतं, की याच्या हातून चुकीचा माल जात नाही.

मी म्हणालो, "रबर नवं आहे, दाजी. चार दिवसांत बसेल."

"बसेल?"

"बसेल म्हणजे बसेल. तुम्ही गाडी चालवा, दुकान मला चालवू द्या."

यावर लोक हसले. दाजीही हसले. आपल्या मेहुण्याला यातलं कळतं, यावर त्यांचा विश्वास होता. हात हलवून ते गाडीत बसले आणि वायपर चालू ठेवूनच उधन्याच्या रस्त्याला लागले.

अर्ध्या तासाने त्याच रस्त्यावर एक सायकलवाला उजवीकडून आडवा आला आणि गाडीखाली गेला. लूमवरचा कारागीर होता, आमच्याच खानदेशातला, पाळीवर निघालेला. दाजींनी त्याला उचलून मागच्या सीटवर घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. तो वाचला, पण त्याचा पाय गुडघ्यातून गेला. पुढे त्याचं काय झालं याची मी कधी चौकशी केली नाही. तोही माझाच अपराध.

दवाखान्याच्या आवारात गाडी उभी करताना दाजींच्या हातांनी रोजच्या सवयीने दोन्ही ब्लेड ओढली आणि खिशात घातली. कपड्यांवर त्या माणसाचं रक्त होतं, आणि हात मात्र आपलं नेहमीचं काम करून मोकळे झाले. पोलीस आले तेव्हा गाडीच्या दांड्या नुसत्या होत्या. पंचनाम्यात तसंच आलं: भर पावसात बिनवायपरची गाडी. दाजींनी खिशातून ब्लेड काढून दाखवली, तर हवालदार म्हणाला, "खिशात ठेवून काच पुसली जाते का?"

दुसऱ्या दिवशी शेठजी स्वतः दुकानात आले. दाजींनी त्यांना सांगितलं होतं की वायपर लावलेले होते, ब्लेड चुकीचं होतं, मेहुण्याने डोळ्यांनी बघितलं आहे, त्याला विचारा. शेठजी भला माणूस होता. काउंटरवर दोन्ही हात टेकून त्यांनी मला विचारलं, "साचुं बोलजो, भाई. वायपर लगाडेला हता?"

मालक माझ्याकडे बघत होते. आदल्या दुपारी त्यांनीही सगळं बघितलं होतं, पण दुकानाचं नाव त्यांनाही राखायचं होतं. खरं बोललो असतो तर शेठजी वकील उभा करणार होते. ते तसं म्हणालेही.

मी म्हणालो, "ब्लेडं नेली होती त्यांनी. लावली की नाही, मी काही बघितलं नाही."

शेठजींनी काउंटरवरचे हात उचलले. मग "ठीक छे" म्हणून गेले.

दाजींना चार महिन्यांची सजा झाली, लायसन गेलं. सुटून आल्यावर चलथाणच्या साखर कारखान्यात हंगामात ऊस उतरवायच्या कामाला लागले. स्टिअरिंगला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. पण त्यांचं खरं वाटोळं घरात झालं. बहिणीने त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, "मी खरं सांगस, वायपर लायेल व्हतात." आणि बहिणीने मला विचारलं, तेव्हा मी शेठजींना सांगितलं तेच सांगितलं. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. नवरा खोटं बोलतो, स्वतःच्या निष्काळजीपणाचं खापर भावावर फोडतो, असं तिच्या मनाने धरलं ते कायमचं. पोरंही तेच ऐकत मोठी झाली. बापाने काही सांगायला तोंड उघडलं की एकमेकांकडे बघायची.

दाजी माझ्याशी कधी भांडले नाहीत. माझ्या घरी आले की ओसरीवर बसायचे, चहा घ्यायचे, जायचे. हसणं तेवढं गेलं. मी समोर आलो की ते जमिनीकडे बघायचे. खरं तर ते मी करायला हवं होतं.

ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. तेराव्याला त्यांच्या थोरल्या मुलाने कुणाला तरी सांगितलेलं मी ऐकलं, "बाबा तसे चांगले होते, पण कबूल करायची दानत नव्हती." मी शेजारीच जेवत होतो. जेवत राहिलो.

या उन्हाळ्यात बहिणीकडे गेलो आणि सगळं सांगितलं. ती गहू निवडत होती. तिचा हात थांबला नाही. माझं सांगून झाल्यावर म्हणाली, "वायपर चालू असलेले तू बघितले होतेस?"

"हो."

"तुझ्या डोळ्यांनी?"

"हो, ताई."

तिने गहू बाजूला सारले. मग म्हणाली, "तीस वर्षं त्यांच्या ताटात वाढलं, पण नीट तोंड भरून बोलले नाही रे मी."

मी पाया पडायला वाकलो, तर तिने पाय मागे घेतले. म्हणाली, "लिहून दे. मी सांगितलं तर पोरं म्हणतील, आईला म्हातारपणी नवऱ्याचा पुळका आला. तुझ्या अक्षरात पाहिजे."

लिहून नेलं. तिने चष्मा लावून, एकेका ओळीवर बोट ठेवून वाचलं. शेठजींच्या प्रश्नानंतर मी 'माझ्याकडून चूक झाली' असं एक वाक्य घातलं होतं. तिथे तिचं बोट थांबलं.

"हे काढ," ती म्हणाली. "चूक सकाळी झाली. इथे तू खोटं बोललास."

ते वाक्य काढलं आहे. मी खोटं बोललो.