मामीच्या आढ्यातली लेकरं

तिन्हीसांजेला अख्ख्या गावाच्या छपरांतून धूर निघायचा, फक्त आमच्या मामीच्या छपरातून निघत नसे. दिवस मावळायच्या आत तिच्याकडची जेवणं उरकलेली असत आणि चूल विझवलेली असे. गोठ्यात डासांसाठी कडुनिंबाचा पाला जाळायचा, तोही तिथे बंद. उशिरा शेतावरून आलेला मामा गार भात चिवडत म्हणायचा, "आमच्या घरी बारमाही चातुर्मास हाये, बाप्पा!"

अर्जुनीच्या पलीकडे, सागाच्या रानाला लागून आमचं गाव. वडील गेल्यावर आई मला घेऊन भावाच्या शेजारी राहायला आली, त्यामुळे मी निम्मी मामीच्याच घरात वाढले. मामी तोंडाची फटकळ. मामाला, बैलाला, पाटलाला, सगळ्यांना एकाच मापानं बोलायची. पण आढ्यातल्या वाघळांचा विषय निघाला की तिचं तोंड मिटायचं. फळं खाणारी ती मोठी वाघळं नव्हेत. ही बोटभर, किडे खाणारी. त्यांना आम्ही पाकोळ्या म्हणायचो.

त्याला कारण घडलं ते चंद्रीच्या लग्नात. चंद्री ही मामीची एकुलती एक लेक. वैशाखातलं लग्न, वऱ्हाड मामीच्याच ओसरीवर उतरणार, आणि वरून पाकोळ्यांच्या लेंड्या पडायच्या. "व्याह्याच्या पानात पडलं तं नाक जाईन माहं," म्हणत मामीनं भरदुपारी आढ्याखाली शेगड्या मांडल्या, त्यांत कडुनिंब आणि सुक्या मिरच्या टाकल्या. आम्ही सगळे खोकत खोकत बाहेर पळालो. पाकोळ्याही आंधळ्यासारख्या भराभर बाहेर पडल्या. मामी खूश झाली.

मग ती झाडायला आत गेली आणि बाहेर येईचना. मी डोकावले. जमिनीवर पिल्लं पडली होती. सोललेल्या शेंगदाण्याएवढी, उघडी, काही अजून हलत होती. मामी ती एकेक उचलून सुपात ठेवत होती. संध्याकाळी त्यांच्या आया परत आल्या. तोवर मांडवात भट्ट्या पेटलेल्या. धुराच्या कडेकडेनं त्या घिरट्या घालत राहिल्या आणि मामी पाहुण्यांना पाणी द्यायचं सोडून वर बघत उभी राहिली. लग्न झोकात झालं. पाठवणीला मामी रडली, तेव्हा बायका म्हणाल्या, पोरीची माया. मला नाही तसं वाटलं.

पुढच्या पावसाळ्यात सागावर अळी पडली. घरामागचं रान बघवेना. पानांच्या नुसत्या शिरा उरल्या, जाळीच जणू. झाडाखाली उभं राहिलं की अळ्यांची विष्ठा पानांवर झिमझिम पडल्याचा आवाज यायचा. मामी म्हणाली, "हे माह्यानं झालं."

मामा वैतागला. "अवं, अळी तं दुसऱ्या गावातबी पडली. तू काऊन आपल्या अंगावर घेऊन राहिली?"

"मी रोज सकाळी आढ्याखालून पतंगाचे पंख झाडत होती," मामी म्हणाली. "थे पतंग कोन खात होतं? पतंगाचीच अंडी, अंड्याचीच अळी. दुसऱ्या गावचं मले नोको सांगू. आपल्या रानातलं खानारी तोंडं मी बंद केली का नाई?"

मामानं कपाळावर हात मारला. त्या दिवसापासून तिनं संध्याकाळची चूल बंद केली. आढ्याजवळची फळीही काढून टाकली, येणाऱ्याला वाट हवी म्हणून. आम्ही मुली हसायचो, तिला 'वाघळांची सासू' म्हणायचो. कित्येक पावसाळे ते छप्पर रिकामंच राहिलं. मग एका सकाळी जमिनीवर पतंगाचा पंख दिसला. मामीनं त्या दिवशी तेवढी जागा झाडलीच नाही. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात वर चिवचिव ऐकू यायला लागली. पिल्लं झाली होती.

नेमकी त्याच उन्हाळ्यात चंद्री बाळंतपणाला आली. लग्नानंतर इतक्या वर्षांनी देवानं दिलेलं लेकरू. मुलगा झाला. सुईणीनं रिवाजाप्रमाणे बाळंतिणीला शेगडी आणि धुरी द्यायची तयारी केली, तोच मामीनं शेगडी उचलली. "इथं नाई. नणंदेच्या घरी करजो." तशी चंद्री रोज ओली बाळंतीण, बाळ छातीशी धरून, डोक्याला फडकं बांधून अंगण ओलांडून आमच्याकडे येऊ लागली. मामी तिच्यावर सुपाची सावली धरून बरोबर चालायची. आईनं भावजयीला खूप समजावलं. नाही म्हणजे नाही.

एक दिवस उन्हात चंद्रीला भोवळ आली. बाळ माझ्या आईनं झेललं म्हणून बरं. सावध झाल्यावर चंद्री एवढंच म्हणाली, "माय, माह्यापक्षा तुले थे वाघरं जास्त झाले?"

मामीनं तोंड उघडलं. पण सांगायचं म्हणजे लग्नाची गोष्ट सांगावी लागणार. तुझ्या लग्नापायी मी काय केलं, हे पोटच्या पोरीला कसं सांगायचं? आयुष्यभर ज्याला त्याला तोडून बोलणारी माझी मामी तेव्हा गप्प बसली, याचा मला आजही राग येतो.

बारशाचीही वाट न बघता चंद्रीनं नवऱ्याला बोलावून घेतलं. स्टेशनला जायला बैलगाडी दारात लागली. मामीनं बाळाला घेतलं, त्याच्या टाळूचा वास घेतला आणि परत चंद्रीच्या मांडीवर ठेवलं. मग पोरीच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "जा माय. तुहं लेकरू तुह्यापाशी हाये, थेच लय हाये."

चंद्रीला तो टोमणा वाटला. तिनं मान फिरवली, गाडी हलली, आणि मामी जिवंत असेपर्यंत ती पुन्हा माहेरी आली नाही.