पिशोरला नाही म्हणायला गेले

निजामाच्या राज्यात पोलीस ॲक्शन झालं तेव्हा मी पाटीवर उर्दूचं अलिफ-बे गिरवत होते. मॅट्रिकला बसले ती मात्र मराठीतून. पुढं शिक्षिकेचं ट्रेनिंग झालं आणि पिशोरच्या मुलींच्या शाळेत मला नोकरी मिळाली. तिथल्या मोठ्या बाई स्वतः औरंगाबादला येऊन भेटल्या होत्या. "खेड्यावर गणिताला बाई मिळत नाय. येशील ना नक्की?" मी एका दमात हो म्हटलं. उस्मानपुऱ्यात आम्ही सगळे दोन खोल्यांत राहत होतो. आपली एक खोली असावी, आपल्या हातानं कडी लावावी, एवढंच मला फार हवं होतं.

रुजू व्हायच्या आधीच माझी थोरली बहीण बाळंतपणात गेली. मुलगी वाचली. मेहुण्यांनी ते गाठोडं आईच्या मांडीवर ठेवलं आणि ओट्यावर जाऊन बसून राहिले. आईला दमा. बाळ रडलं की मीच उचलायची, आणि माझ्या खांद्यावर ते गप्प व्हायचं. नोकरीवर जाऊ नको, असं घरात कुणीच म्हणालं नाही. कुणी म्हटलं असतं तर मी भांडले तरी असते.

शेवटी मीच बाबांना म्हटलं, "मी नाही जात पिशोरला."

ते म्हणाले, "तर मग तिथं जाऊन सांग. त्यांना तू शब्द दिलायस. कार्ड टाकून मोकळी होऊ नको."

म्हणून मी एसटीनं पिशोरला गेले. शाळेच्या फाटकाशी पोहोचते तोच पोरी ओरडल्या, "नव्या बाई आल्या! नव्या बाई आल्या!" मला तोंड उघडायलाही सवड मिळाली नाही. मोठ्या बाई हसत बाहेर आल्या आणि हात धरून मला शाळेच्या मागं घेऊन गेल्या. तिथं एक खोली होती. ताजी सारवलेली, भिंतींच्या चुन्याचा वास अजून गेला नव्हता. बाज होती, कोनाड्यात कंदील होता. खिडकीतून ज्वारीचं शेत आणि त्यापलीकडं डोंगर दिसत होता.

"पोरींनीच सारवली," बाई म्हणाल्या. "आवडली का?"

"लई आवडली," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. मग सगळं सांगितलं. बहिणीचं, बाळाचं, आईच्या दम्याचं. "बाई, तुम्ही माझ्यावर विसंबलात. मला माफ करा. मला येता येणार नाही."

त्या बाजेवर बसल्या, मलाही शेजारी बसवलं. "माफी कशाची, पोरी? आईविना लेकरू आहे ते." मग हळूच म्हणाल्या, "वर्षभर जागा धरून ठेवू का? मी बघते वर बोलून."

हो म्हणावंसं इतकं वाटलं, की मी बाजेची दोरी घट्ट धरून ठेवली. पण वर्षभरानं बाळ जेमतेम उभं राहिलं असतं, आणि तोवर इथल्या पोरी गणिताशिवाय बसल्या असत्या. "नको बाई. दुसरी कुणी मिळाली तर तिला घ्या."

त्यांनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. भाकरी, पिठलं, मिरचीचा ठेचा. पोरी दारातून डोकावून बघत होत्या. एकीनं विचारलं, "बाई, तुमी कवा येणार?" मोठ्या बाईच म्हणाल्या, "त्यांना घरी काम हाय गं. जा, वर्गात बसा."

बहिणीची मुलगी मोठी झाली. ती मला आईच म्हणते. ती शाळेत जायला लागल्यावर मलाही औरंगाबादलाच, छावणी भागातल्या एका शाळेत जागा मिळाली, आणि तिथंच माझी सगळी नोकरी झाली. सुखाची झाली. तरी शिकवता शिकवता मध्येच मन पिशोरला जायचं. तिथं आत्ता ज्वारी निसवली असेल, कणसं बाहेर आली असतील, असं काहीतरी मनात यायचं.

रिटायर झाल्यावर एकदा दवाखान्यात नंबराची वाट बघत बसले होते. शेजारची बाई पिशोरची निघाली, त्याच शाळेत शिकलेली. मी तिला विचारलं, "गणित कोण शिकवायचं हो तुम्हाला?"

"होत्या एक बाई. शाळेमागंच राहायच्या. लई कडक! पण संध्याकाळी आम्हाला खोलीत बोलवून शेंगा खाऊ घालायच्या, गाणी म्हणायला लावायच्या."

"कुठली गाणी?" मी विचारलं.

ती आठवून आठवून सांगत राहिली. माझा नंबर पुकारला गेला, तरी मी उठले नाही.