तीन तासांचा लाइव्ह, तीन महिन्यांची दुरुस्ती

स्टुडिओत जेवढं रेकॉर्डिंग ठेवतो, त्याच्या दुप्पट आम्ही कापून फेकतो. कापलेलं कॉम्प्युटरमधून जातं, डोक्यातून काही जात नाही. माझ्याकडे असे इतके किस्से साचलेत की चहाला कुणी भेटलं की मी सुरू होतो. बहुतेक किस्स्यांत येडा मीच असतो, त्यामुळे ऐकणारा दुसरा चहाही पाजतो!

मंगरूळपीरला एका कृषी केंद्राच्या वरच्या खोलीत माझा स्टुडिओ आहे. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकल्यात. अकोल्याला तीन महिन्यांचा कोर्स केला, बाकीचं मोबाइलवर व्हिडिओ पाहून शिकलो. कार्डावर मात्र 'साउंड डिझायनर' छापलंय. बायको म्हणते, ते कार्ड माझ्या माहेरच्या कुणाला देऊ नका.

आता सांगतो ते सगळे किस्से एकाच अल्बमचे. आसेगावचे गौतमकाका म्हणजे रिटायर्ड पोस्टमन. जन्मभर सायकलवर पत्रं वाटली आणि जन्मभर भीमगीतं गायली. गाणी स्वतः रचलेली, समोर वही कधीच नाही. एक दिवस जिना चढून आले, दम खाल्ला आणि म्हणाले, "संजू, गाणे डोक्यात आहेत तोवर धरून ठेव बापा. पन या गाद्याइसमोर नाई गाणार मी. गावासमोर गाईन. लाइव्ह पायजे."

कार्यक्रम आसेगावात झाला, तीन तास. मी चार माइक लावले होते. त्यातले दोनच सुरू होते हे मला मंगरूळला परत आल्यावर कळलं. तिथून त्या लाइव्हची जी दुरुस्ती सुरू झाली, ती तीन महिने चालली!

*

पहिली अडचण टाळ्यांची. पब्लिककडचा माइकच बंद, त्यामुळे रेकॉर्डिंगमध्ये काका गातात आणि गाणं संपलं की एकदम सामसूम. ऐकणाऱ्याला वाटावं, लोक उठून घरी गेले.

मग मी, काका आणि ढोलकीवाले रफीकभाई, तिघांनी स्टुडिओत उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्याच टाळ्या मी एकावर एक चाळीसदा चढवल्या. हजार माणसांचा कडकडाट झाला! मी स्वतःवर इतका खूश झालो की खालच्या कृषी केंद्रवाल्याला वर बोलावून ऐकवलं.

त्यानं डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाला, "आसेगावचे लोक एवढे तालात टाळ्या कवापासून वाजवून राह्यले?"

पुन्हा ऐकलं. रफीकभाईंचा हात पडला ढोलकीचा. त्या माणसाला नुसती टाळी वाजवताच येत नाही! हजारच्या हजार माणसं केहरव्याच्या ठेक्यात टाळ्या वाजवत होती, आणि शेवटी तिहाई घेऊन एकदम थांबत होती.

*

एका गाण्यात काकांचा आवाज फाटला होता. ते कडवं आम्ही स्टुडिओत दुपारी पुन्हा घेतलं आणि बेमालूम चिकटवलं. आठ दिवसांनी हेडफोन लावून ऐकतो, तर कार्यक्रमात, ऐन करुण कडव्यात, लांबून हाक येते, "भंगाऽऽर!" गाद्यांनी सगळ्या जगाचा आवाज अडवला होता, फक्त खालच्या रस्त्यावरचा भंगारवाला तेवढा आत आला होता.

मी डोकं धरून बसलो. रफीकभाई म्हणाले, "रहने दे ना भाऊ. लाइव्ह आहे. लाइव्हमंदी कोनबी येऊ शकते!"

*

मग मला शहाणपण सुचलं. सूर दुरुस्त करायचं एक सॉफ्टवेअर मी नवीनच टाकलं होतं. काकांना न विचारता मी त्यांचं एक गाणं त्यातून काढलं. जिथे आवाज कापत होता तिथे सरळ केला, जिथे खरखर होती तिथे गुळगुळीत केला. दोन दिवस खपलो, डोळे लाल झाले. काकांना खुर्चीत बसवून ऐकवलं.

काका शेवटपर्यंत मान डोलवत होते. मला वाटलं, आता पाठ थोपटतात.

"चांगला गाते बापा," ते म्हणाले. "कोन्या गावचा पोरगा होय?"

*

आणि नावांचा घोळ! आमच्याकडे गाणं रंगलं की एखादा उठतो, स्टेजवर जाऊन गायकाच्या हातात नोट ठेवतो. गायक तिथेच गाणं थांबवून त्याचं नाव आणि गाव माइकवर घेतो आणि पुढे गातो. हे मला लहानपणापासून माहीत. पण कोर्समध्ये शिकवलं होतं की गाण्यात अडथळा नको. म्हणून मी एकूण एक नाव कापून टाकलं. गाणी कशी सलग झाली!

ही बातमी बाहेर कशी फुटली देव जाणे. दुसऱ्याच दिवशी इंझोरीचे उत्तमराव मोटरसायकल घेऊन हजर. "माहं नाव काहून काढलं? म्या काय चोरी केली का?"

त्यांच्यामागे लाइनच लागली. शेवटी काकांना पुन्हा माइकसमोर बसवून सगळी नावं परत घेतली. त्या लाइनीत एक ओळखीचा मास्तरही होता. त्यालाही नाव पाहिजे होतं.

मी म्हणालो, "सर, तुमी तं कार्यक्रमाले आलेच नव्हते!"

"मंग टाळ्या वाजवणारे कुठी आले होते?" मास्तर म्हणाला.

त्याचं नाव घ्यावं लागलं.

*

आता शेवटचा.

कार्यक्रमात काकांचं आईवरचं गाणं होतं. मोळी विकून ज्या आईनं त्यांना शाळेत घातलं, तिच्यावरचं. हे त्यांचं पहिलं गाणं, गावातल्या शेंबड्या पोरालाही पाठ. त्या गाण्याचं तिसरं कडवं आलं आणि काका थांबले. शब्दच आठवेना. पेटी वाजतेय, रफीकभाई ठेका धरून बसलेत, आणि काका माइक धरून नुसते उभे. तेवढ्यात पुढे बसलेल्या बायांनी ते कडवं उचललं आणि पूर्ण केलं. चौथ्यापासून काका पुन्हा सुरू झाले. बाया स्टेजला इतक्या खेटून बसल्या होत्या की काकांच्या माइकमध्ये सगळं आलं होतं.

एवढं एक कडवं काकांना अल्बममध्ये नको होतं. ते माझ्याशी एरवी ओरडून बोलतात, त्या दिवशी हळू बोलले. "थे काढ संजू. लोक म्हनतीन, गौतमचं डोकं गेलं."

मला वाईट वाटलं. मी ते कडवं त्यांच्याकडून नव्यानं गाऊन घेतलं, बायांचा आवाज पुसला आणि असा जोड मारला की माझा मलाच सापडेना. डिस्क भरली होती म्हणून मूळ रेकॉर्डिंगही उडवलं. साउंड डिझायनर ना मी!

छापायच्या आधी काकांनी अल्बम विहारात सगळ्यांना ऐकवला. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं काकांच्या शेजारच्या कौसल्याबाई आणखी पाच जणी घेऊन माझ्या दारात. मागे मान खाली घातलेले काका.

"आमी गायलेलं कुठी गेलं रे?" कौसल्याबाईंनी विचारलं.

"काकू, तिथं काका इसरले होते. म्हनून थे दुरुस्त केलं."

"दुरुस्त तं आमी तवाच केलं होतं!"

कौसल्याबाई काकांकडे वळल्या. "भाऊ, पत्र वाचता येत नव्हतं तवा तुमी आमाले वाचून दाखवत होते. आमी एक कडवं म्हनलं तं तुमाले लाज वाटली?"

काकांनी मान वर केली. मग म्हणाले, "संजू, होतं तसं कर."

होतं तसं करायला होतं कुठे? मी उडवलेलं! कबूल करावं लागलं. सहाही बायांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहीत नाही. मग ठरलं की रफीकभाईंना बोलावून सगळं पुन्हा घ्यायचं. काका दुसरं कडवं गातील, तिसऱ्याला अडतील, बाया उचलतील.

आणि काकांना विसरताच येईना! दुसरं कडवं संपलं की तिसरं आपोआप, खणखणीत. मी काचेमागून ओरडतोय, "काका, इसरा!" ते म्हणायचे, "हो हो," आणि पुन्हा अख्खं कडवं म्हणून मोकळे. सहा वेळा झालं. बाया पदर तोंडाला लावून हसत होत्या. रफीकभाई म्हणाले, "गौतमभाऊ, तुमाले येवढं चांगलं याद आहे, मंग भेता कायले?" काकाही हसले. महिन्याभरात पहिल्यांदा हसताना पाहिलं त्यांना.

सातव्या वेळी दुसरं कडवं संपलं. काकांनी श्वास घेतला, ओठ उघडले आणि थांबले. नजर कौसल्याबाईंकडे गेली. तिकडून कडवं उचललं गेलं, सहाही जणी एका आवाजात. चौथ्याला काका बरोबर आत आले. एकही जोड मारावा लागला नाही.

मी धावतच बाहेर आलो. "काका, काय अ‍ॅक्टिंग केली! एक नंबर!"

काकांनी चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसला.

"अ‍ॅक्टिंग कायची बापा," ते म्हणाले. "चला वं बायाहो, आसेगावची गाडी लागली असन."