अंबाल्याचं धुकं

माझी बहीण पठाणकोटला राहायची. तिचा नवरा फौजेत होता. पहिल्या बाळंतपणाला ती भोकरदनला येणार होती, पण डॉक्टरांनी प्रवासाला मनाई केली.

"मंग आपणच जाऊ," आई मला म्हणाली.

जानेवारी होता. आमच्याकडे दुपारी स्वेटर नकोसा व्हायचा. तरी आईने लुगड्यावर वडिलांचा लोकरी कोट चढवला आणि आम्ही निघालो.

अंबाल्याच्या अलीकडे धुक्यात रेल्वे थांबली. शेजारचा रूळही दिसेना. दुपार झाली तरी तसंच. मग डब्यातली काही माणसं उतरून बस पकडायला रस्त्याकडे निघाली.

मी म्हणालो, "आई, तू कधी औरंगाबादच्या पुढं गेली न्हाईस. इथंच थांबू."

"पोरगी तिथं एकली हाये. पिशवी घे."

गव्हाच्या बांधावरून चालताना गार दवाने तिची पावलं बधिर झाली, पण तिने माझा हात सोडला नाही. बस बदलत आम्ही दुसऱ्या दिवशी पोचलो. बाळंतपणाला अजून अवकाश होता. दारात आईला पाहून बहिणीला रडू फुटलं.

आई कोट काढत म्हणाली, "रडू नको. डिंकाचे लाडू करायचेत. स्टो कुठंय?"